साठ जणांची हजेरी: ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’चे पहिले काही तास

पडदा पूर्ण काळा. दारावर धक्के बसतात, कुणीतरी कप्तानाला दार उघडायला सांगतं, आतून उत्तर येतं आणि पाठोपाठ बंदुकीचा बार. मग उजेड होतो आणि तोच क्षण समोर गोठून उभा असतो. नळीतून निघालेली आग हवेतच अडकलेली, मागे कोलमडणारा माणूस अर्ध्यात थांबलेला, त्याचे सोबती जागच्या जागी थिजलेले. या दृश्यात खेळणाऱ्याला काहीही बदलता येत नाही. चालायचं, वाकून बघायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची: मेला तो कोण, कशाने मेला आणि मारलं कुणी. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा व्हिडिओ गेम म्हणजे हेच काम, ६० वेळा.

रहस्यावर बेतलेले गेम पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत शोध लावतो तो पडद्यावरचा गुप्तहेर. खेळणारा चमकणाऱ्या वस्तूंवर क्लिक करत फिरतो, सगळ्या वस्तू गोळा झाल्या की नायक आपणहून निष्कर्ष सांगून मोकळा होतो. कुणी अगदीच अडलं तर वस्तू आणखी जोरात चमकते. इथे काहीही चमकत नाही. संशयितांची उलटतपासणी नाही, कारण जहाजावर जिवंत माणूसच उरलेला नाही. हाती असतं एक पुस्तक आणि एक घड्याळ, बाकी सगळं आपल्या डोळ्यांवर. म्हणून या गेमचे पहिले तीन-चार तास कसे खेळले यावर पुढची सगळी मजा ठरते. घाई करणाऱ्याला तो गोंधळाचा वाटतो, रेंगाळणाऱ्याला तो उलगडत जातो.

पार्श्वभूमी थोडक्यात. ओब्रा डिन हे व्यापारी जहाज १८०२ साली दोनशे टनांहून जास्त माल भरून लंडनहून पूर्वेकडे निघालं. केप ऑफ गुड होपला ठरल्या वेळी पोचलं नाही आणि बुडालं असं समजून त्याची फाइल बंद झाली. १४ ऑक्टोबर १८०७च्या पहाटे तेच जहाज फाटक्या शिडांनी इंग्लंडमधल्या फालमथ बंदरात वाहत आलं, वर चिटपाखरू नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीचे विमा निरीक्षक. होडीतून जहाजावर जायचं, कुणाचं काय झालं त्याची नोंद करायची आणि परत यायचं. म्हणजे आपण पोलीस नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कंपनीला न्यायाशी देणंघेणं नाही, तिला हिशेब हवा आहे. सगळ्या गेमला या कोरड्या कारकुनी नजरेची धार आहे आणि ती फार नेमकी बसली आहे.

लुकास पोप या अमेरिकी गेमकाराने हा गेम जवळजवळ एकहाती केला आहे. चित्रं, प्रोग्रॅमिंग, संगीत, सगळं त्याचंच. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यावरचा २०१३चा ‘पेपर्स, प्लीज’ही त्याचाच, त्यामुळे कागदपत्रांतून नाट्य काढण्याचा हात आधीच बसलेला. ओब्रा डिन १८ ऑक्टोबर २०१८ला कम्प्युटरवर आला आणि बरोबर वर्षभराने प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर. २०१९ साली त्याला स्वतंत्र गेमांच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, शिवाय कला आणि गेम डिझाइनसाठी दोन ब्रिटिश बाफ्टा पुरस्कार.

आता यंत्रणा. घड्याळ मृतदेहाजवळ नेलं की ते उघडतं. बटण दाबलं की आधी अंधारात मरणाआधीचे काही सेकंद फक्त ऐकू येतात, शब्द पडद्यावर उमटतात, आणि मग मरणाचा तो क्षण पुतळ्यांच्या देखाव्यासारखा समोर येतो. त्यात हिंडता येतं. कुणाच्याही चेहऱ्यावर झूम करता येतं, आणि तो माणूस जहाजावरच्या चित्रकाराने काढलेल्या समूहचित्रांत नेमका कुठे आहे हे लगेच दिसतं. त्या आठवणीत आणखी कुणाचा मृतदेह पडलेला असेल तर घड्याळ त्याच्यावरही चालतं, आणि आपण एका आठवणीतून तिच्या आधीच्या आठवणीत उतरतो. कथा अशी शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत जाते. सुरुवातीला जे सापडतं ते पुस्तकाचं दहावं म्हणजे शेवटचं प्रकरण असतं. कोण कुणाला का मारतंय याचा पत्ता नसताना आधी मारामारीच दिसते.

खरा गेम मात्र पुस्तकात आहे. त्यात ६० जणांची यादी आहे: क्रमांक, नाव, जहाजावरचं काम आणि मूळ देश. जहाजाच्या चारही मजल्यांचे नकाशे आहेत, दर्यावर्दी शब्दांचा छोटा कोश आहे आणि समूहचित्रं आहेत. आठवण बघून झाली की तिचं पान आपोआप भरतं: संवाद, जागा, मेलेल्याचा चेहरा आणि तिथे हजर असलेल्या बाकीच्यांचे चेहरे. आपण भरायचं ते त्या चेहऱ्याखालचं वाक्य. अमुक माणूस, अमुक प्रकारे, अमक्याच्या हातून. मरणाचे प्रकार यादीतून निवडायचे: गोळी लागून, सुऱ्याने, डोक्यात घाव बसून, चिरडून, बुडून, आजाराने, आणि असे बरेच. ‘जिवंत आहे’ हाही पर्याय त्या यादीत आहे, हे सुरुवातीलाच नजरेखालून घातलेलं बरं.

उत्तर बरोबर की चूक हे गेम लगेच सांगत नाही. तीन जणांची पूर्ण माहिती बरोबर भरली गेली की त्या तीन नोंदी एकदम पक्क्या होतात, हाताने लिहिल्यासारखी अक्षरं छापील होतात आणि पुन्हा बदलता येत नाहीत. या एका नियमावर अख्खा डोलारा उभा आहे. समजा एका खलाशाबद्दल चार नावांत घोळ आहे. उत्तर लगेच कळत असतं तर चार वेळा बटण दाबून काम भागलं असतं. पण तिघांबद्दल प्रत्येकी चार शक्यता असतील तर जोड्या होतात ६४, आणि तेवढ्या जुळवत बसण्यापेक्षा परत जाऊन नीट बघणं स्वस्त पडतं. उलट दोन नोंदींची खात्री असेल आणि तिसरी डळमळीत असेल, तर चार प्रयत्नांत सुटते. गेमला हे ठाऊक आहे आणि तेवढी सूट त्याने मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. ती वापरण्यात कमीपणा नाही, विशेषतः डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशांच्या बाबतीत. सारख्याच कपड्यातली इतकी माणसं एका झटक्यात ओळखणारा विरळा.

पुस्तकातल्या आणखी दोन गोष्टी सुरुवातीला नीट समजून घ्याव्यात, कारण त्यांचा गैरसमज फार होतो. पहिली, धूसर चेहरे. एखाद्या माणसाचा चेहरा अस्पष्ट दिसत असेल तर त्याला ओळखण्याइतकी माहिती अजून समोर आलेली नाही. त्याच्यावर डोकं झिजवायचं नाही, पुढे जायचं. चेहरा स्पष्ट झाला म्हणजे माहिती समोर येऊन गेली आहे. ती आपल्या लक्षात आली की नाही, हा वेगळा प्रश्न. ‘चेहरा स्पष्ट झाला, म्हणजे आता कुणीतरी याचं नाव घेईल’ असं समजून वाट बघत बसणारे तिथेच अडकतात. दुसरी, चेहऱ्याखालचे त्रिकोण. एक त्रिकोण म्हणजे सोपं, तीन म्हणजे अवघड. पहिल्या बैठकीत एक त्रिकोणवाल्यांच्या मागे लागावं, बाकीच्यांना हात लावू नये.

एक उदाहरण जवळून बघू. गेमच्या पहिल्या वीसेक मिनिटांतलंच आहे, तरी काहीच आधी कळू नये असं वाटणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. कप्तानाच्या खोलीत बिछान्यावर एका बाईचं शव आहे. कप्तान तिच्याशी बोलतो, तिला अबिगेल म्हणून हाक मारतो आणि तुझ्या भावाला मी गोळी घातली असं सांगतो. इथे बऱ्याच जणांच्या मनात फक्त ‘बाई म्हणजे अबिगेल’ एवढंच राहतं. आता यादी उघडायची. बाईचं पूर्ण नाव अबिगेल हॉस्कट विटरेल, कप्तान रॉबर्ट विटरेल. मधलं हॉस्कट कुठून आलं? माहेरहून. आणि यादीत क्रमांक २ वर फर्स्ट मेट, म्हणजे कप्तानाखालचा पहिला अधिकारी, आहे विल्यम हॉस्कट. तीन ओळींच्या संवादातून नवरा, बायको आणि मेहुणा असे तिघे ओळखू आले, आणि कप्तानाने कुणाला गोळी घातली हेही. कुणीही ‘हा बघा हॉस्कट’ असं म्हटलेलं नाही. बहुतेक सगळी उत्तरं याच जातीची आहेत: अर्धं दृश्यात, अर्धं यादीत, आणि दोन्ही एकत्र आणायचं काम आपलं.

धागे कुठे कुठे असतात ते उघड न करता एवढं सांगता येईल की कपडे बोलतात. अधिकाऱ्याचा कोट आणि खलाशाचा सदरा यांतला फरक तर पहिल्या दृश्यापासून दिसतो. कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं तेही बोलतं. शिकाऊ अधिकारी आपापसात असतात, खिदमतगार ज्याच्या त्याच्या साहेबाच्या आसपास असतो. कोण कुठे झोपतं, कुणाच्या हातात कोणतं अवजार आहे, संकट आल्यावर कोण कुणाकडे धावतं, या सगळ्याचा उपयोग होतो. आवाजाचाही होतो. यादीत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, रशिया, चीन, भारत, फोर्मोसा (आजचं तैवान) अशा अनेक ठिकाणची माणसं आहेत आणि त्यांच्या बोलण्याचे हेल खरे आहेत. इंग्रजीतला आयरिश आणि वेल्श हेल कानाला वेगळा कळत नसेल तर थोडी अडचण होते, पण बहुतेक ठिकाणी त्याच माणसापर्यंत जाणारी दुसरी वाटही ठेवलेली आहे. कंपनीच्या जहाजांवर भारतीय खलाशी असायचे, हे इतिहासात सहसा तळटिपेत राहणारं वास्तव इथे यादीत नावानिशी आहे, हे आवर्जून सांगायला हवं.

हुद्द्यांची भाषा मात्र पहिल्या तासात जड जाते. बोसन म्हणजे साधारण आपला तांडेल, खलाशांकडून काम करून घेणारा. पर्सर म्हणजे जहाजाचा हिशेबनीस. मेट म्हणजे सोबती नव्हे, कप्तानाखालचा अधिकारी, आणि असे चार मेट आहेत; शिवाय सुताराचा मेट, वैद्याचा मेट, तोफवाल्याचा मेट, म्हणजे त्यांचे मदतनीस, हे वेगळेच. संवादात कुणी नुसतं ‘मेट’ म्हटलं की कोणत्या अर्थाने ते ताडून बघावं. ही गल्लत झाली की पुढच्या पाचसहा नोंदी एकमेकींत अडकतात, आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही, कारण गेम ‘एक चूक आहे’ एवढंसुद्धा सांगत नाही.

चुका होतात त्या अशाच ठराविक जागी. नाव बरोबर पण मरणाचा प्रकार चुकीचा, म्हणजे नोंद चुकीची. अर्धे गुण नाहीत. काही मरणांना एकाहून जास्त वर्णनं चालतात, पण सगळ्यांना नाही. गोळी कुणी झाडली यातही फसगत होते. दृश्य गोठलेलं असल्याने दोघांच्या हातात बंदूक दिसते आणि आपण जवळच्याला खुनी ठरवतो. नळीचा रोख आणि धूर कुणाच्या बंदुकीतून निघतोय ते कडेला जाऊन बघितलं की उत्तर बदलतं. तिसरी चूक म्हणजे दृश्याचा केंद्रबिंदू तेवढाच बघणं. घड्याळ मरणाऱ्या माणसापाशी आणून सोडतं, त्यामुळे नजर तिथेच खिळते. पण त्याच क्षणी दहा पावलांवर, दारापलीकडे किंवा झडपेतून खालच्या मजल्यावर दुसरं काहीतरी चाललेलं असतं, आणि पुढच्या तीन नोंदींचा धागा तिथे असतो. काही वेळा तर मुख्य घटनेशी काडीचा संबंध नसलेला माणूस कोपऱ्यात आपलं रोजचं काम करताना दिसतो, आणि त्या कामावरूनच त्याचं नाव ठरतं.

दिसण्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण पहिली ठेच तिथेच लागते. चित्र फक्त दोन रंगांत आहे, मधली राखाडी छटासुद्धा नाही. सावली दाखवायला ठिपके दाट-विरळ केले आहेत, जुन्या वर्तमानपत्रातल्या छापील फोटोसारखे, आणि कडा स्वच्छ रेघांनी आखल्या आहेत. त्रिमितीत हे करणं कटकटीचं असतं. मान वळवली की ठिपके मुंग्यांसारखे वळवळायला लागतात. पोपने त्यावर तोडगा काढला तो ठिपक्यांची जाळी खेळणाऱ्याभोवतीच्या काल्पनिक गोलावर बसवण्याचा, त्यामुळे मान फिरवताना ठिपके बऱ्यापैकी दृश्याला चिकटून राहतात. तरीही मोठ्या पडद्यावर, अंधाऱ्या खोलीत, जवळ बसून खेळलं तर काहींना डोकेदुखी किंवा मळमळ होते. उपाय साधे आहेत: खोलीत दिवा लावायचा, पडद्यापासून थोडं लांब बसायचं, तासाभराने थांबायचं. सेटिंगमध्ये जुन्या मॉनिटरांची नावं दिलेले रंगसंच आहेत: मॅकिंटॉश, हिरवट आयबीएम ५१५१, पिवळसर झेनिथ झेडव्हीएम १२४०, कमोडोर १०८४ वगैरे. हे केवळ नखरे नाहीत. फिकट रंगाचा त्रास होत असेल तर संच बदलून खरंच फरक पडतो.

या दोन रंगांचा फायदाही मोठा आहे. हिंसा भरपूर आहे, हातपाय तुटलेले आहेत, एका ठिकाणी जनावराची कत्तल आहे. पूर्ण रंगात हे बघवलं नसतं. ठिपक्यांत ते कोरीव चित्रासारखं दिसतं आणि माणूस तोंड न फिरवता जवळ जाऊन जखम तपासतो, जे या कामात करावंच लागतं. तरी लहान मुलांसमोर लावण्याचा हा गेम नव्हे.

आवाजाचं काम उत्कृष्ट आहे. हेडफोन लावून खेळावा, कारण अंधारातल्या त्या काही सेकंदांत कोण डावीकडे आहे, पाऊल लाकडावर पडतंय की पाण्यात, दोर तुटला की हाड मोडलं, याचा पुढे उपयोग होतो. संवादाचा मजकूर पुस्तकात राहतो, आवाज राहत नाही. तो पुन्हा ऐकायचा तर पुन्हा मृतदेहापाशी जाऊन घड्याळ उघडावं लागतं. दर प्रकरणाला स्वतःचं संगीत आहे, आणि ते इतकं ठसठशीत आहे की काही दिवसांनी नुसत्या सुरावटीवरून प्रकरण आठवतं.

तक्रार आहे ती इथूनच सुरू होते. आठवणीत पहिल्यांदा शिरलं की त्या संगीताचा ठरलेला तुकडा वाजून पानावर नोंद उमटेपर्यंत थांबावंच लागतं. दृश्य भरलेलं असेल तर तेवढा वेळ अपुरा वाटतो. एकच माणूस आणि चार भिंती असतील तर नुसतं ताटकळणं. त्याहून त्रासदायक आहे ती आठवणींची साखळी. एका मृतदेहातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं गेम ओढत नेतो, आणि एखादं प्रकरण संपेपर्यंत पाच-सहा मरणं एकापाठोपाठ अंगावर येतात. गोष्ट म्हणून हे थरारक आहे, तपास म्हणून घातक. पहिल्या दृश्यात जे खटकलं होतं ते सहाव्या दृश्यापर्यंत डोक्यातून निघून जातं. बाहेर आल्यावर परत जायचं तर पुस्तकातल्या पानावरून थेट उडी मारता येत नाही. नकाशात जागा बघून, शिड्या उतरून, चालत त्या जागेवर जायचं आणि घड्याळ उघडायचं. सुरुवातीला हे चालणं बरं वाटतं, जहाज पायाखाली मुरतं. वीस नोंदी झाल्यावर खालच्या मजल्यावरचं एक दृश्य आणि वरच्या मजल्यावरचं एक अशी तुलना करायची वेळ येते, तेव्हा चौथ्या फेरीत वैताग येतो. पुस्तकातूनच आठवण उघडण्याची सोय निदान पक्क्या झालेल्या प्रकरणांपुरती तरी द्यायला हरकत नव्हती.

त्यावर चालणारी पद्धत अशी. पहिल्या भेटीत साखळी संपेपर्यंत गोष्ट बघायची, नोंदींचा हट्ट धरायचा नाही. जहाजावर परत आलं की पुढचा मृतदेह शोधायला लगेच पळायचं नाही. आत्ताच झालेल्या साखळीतलं सर्वांत आधीचं दृश्य पुन्हा उघडायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण फेरी मारायची, प्रत्येक चेहऱ्यावर एकदा झूम करून. नंतर त्याच क्रमाने पुढची दृश्यं, म्हणजे घटना घडल्या त्या क्रमाने. एखादा माणूस सतावत असेल तर पुस्तकात त्याला खूण लावता येते. मग तो ज्या ज्या आठवणीत आहे ती पानं चटकन सापडतात. ही खूण हे गेममधलं सर्वांत कामाचं साधन आहे, आणि कित्येक जण शेवटपर्यंत ते वापरतच नाहीत. एका माणसाला धरून चार दृश्यं ओळीने बघितली की तो काय काम करतो, कुणाबरोबर असतो आणि कोणत्या दृश्यानंतर दिसेनासा होतो, हे जवळजवळ आपोआप कळतं.

चूक नोंदीला दंड नाही, म्हणून रकाने कोरे ठेवण्यात अर्थ नाही. मरणाचा प्रकार दिसला असेल आणि नाव कळलं नसेल तरी प्रकार लगेच भरून ठेवावा. नावाचा नुसता अंदाज असेल तर तोही. पक्कं होण्यासाठी भरलेल्यांपैकी कुठल्याही तीन बरोबर नोंदी चालतात, त्यामुळे कधीकधी चौथ्याच माणसाचं नाव लिहिताना मागचे दोन अंदाज बरोबर होते हे कळून तिघे एकदम पक्के होतात. तो ठोका वाजतो तेव्हाचं समाधान दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सहसा मिळत नाही. कागद-पेन घेऊन बसायची गरज नाही, पुस्तक पुरेसं आहे. मात्र कुणी कुणाला काय म्हणून हाक मारली याचं एक टिपण जवळ असेल तर फेऱ्या वाचतात.

कशावर खेळावा? माऊसने पुस्तकाची पानं उलटणं आणि यादीतून नाव निवडणं सोपं जातं, कंट्रोलरवर तेच जरा रेंगाळतं पण चालतं. स्विच हातात धरून खेळताना छोट्या पडद्यावर ठिपक्यांतले चेहरे एकमेकांत मिसळतात; टीव्हीला जोडलेला बरा. पूर्ण व्हायला साधारण ८ ते १२ तास लागतात, आणि सलग दोन-तीन दिवसांत खेळणं योग्य. आठवडाभराचा खाडा पडला की साठ चेहऱ्यांतले चाळीस पुसले जातात आणि पुन्हा पहिल्यापासून ओळखपरेड करावी लागते. दुसऱ्यांदा खेळण्यात राम नाही. उत्तरं माहीत असली की उरते ती नुसती फिराफिरी. म्हणून व्हिडिओ बघून अडलेली नोंद सोडवण्याचा मोह टाळावा. एक उत्तर बघितलं की शेजारची तीन फुकट जातात. फारच अडलं तर शेजारी बसलेल्या माणसाला पडदा दाखवावा. दोघांनी मिळून खेळायला हा गेम कमालीचा चांगला आहे, जरी तशी कुठलीही सोय त्यात केलेली नसली तरी. एकाला कपडे दिसतात, दुसऱ्याला हेल ऐकू येतो.

कुणाला आवडणार नाही तेही सांगायला हवं. पात्रांशी गप्पा मारायच्या आहेत, निवडीनुसार गोष्ट बदलायला हवी आहे, अशांनी याच्या वाटेला जाऊ नये. गोष्ट घडून गेलेली आहे, तिच्यात ढवळाढवळ नाही. साठांपैकी मोजक्याच माणसांना स्वभाव आहे, बाकीचे एखाद्या वाक्यापुरते येतात. पण त्या एका वाक्यासाठी माणूस त्यांचा चेहरा, बूट, झोपायची जागा पाठ करतो, आणि नाव सापडतं तेव्हा तो खलाशी उगाच ओळखीचा वाटायला लागतो.

होडीवाला खाली थांबलेला असतो आणि परत जायची मुभा आहे, पण किती नोंदी पक्क्या झाल्या यावर शेवटी हाती काय लागतं ते ठरतं, तेव्हा पानं भरल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये. याला अपवाद एकच. पुस्तकातलं आठवं प्रकरण जहाजावर असेपर्यंत कोरंच राहतं आणि खालची एक खोली काही केल्या उघडत नाही. तिची किल्ली जहाजावर कुठेही नाही, शोधत बसू नये.